नाश्त्यानंतर म्हणजे कधी?

विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हा काही जण गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस ब्रेकफास्ट आणि स्नॅक्सवर काय बोलणार? पण हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो, तोच माझ्याकडे चालत आला. इथे पालघरला मी संध्याकाळी काही मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवतो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग नसतो. तिथे मनोरहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, संध्याकाळी पाहुणे आले की आम्ही त्यांना नाश्ता देतो. मग त्याला इव्हिनिंग ब्रेकफास्ट म्हणायचं का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मराठीच्या बाजूनं तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे नाश्ता सकाळी असतो तसा संध्याकाळीही असतो. पोहे सकाळी सातला केले तरी नाश्ता, संध्याकाळी मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढे ठेवले तरी नाश्ताच. आमच्या या पट्ट्यात गुजराती घरं पुष्कळ, त्यांच्याकडे तर नास्तो म्हणजे डब्यातले गाठिये आणि चकल्या. घड्याळाचा काही संबंधच नाही. शब्दकोशात मात्र 'ब्रेकफास्ट : नाश्ता' असं दोन टोकं बांधून दिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात.

आता या नाश्त्याचं मूळ बघा. शब्द फारसी आहे, आणि फारसीत त्याचा अर्थ खाणं नव्हे. अर्थ आहे रिकाम्या पोटी असणं, सकाळपासून काही न खाल्लेलं असणं. म्हणजे ज्या अवस्थेवर उपाय करायचा, तिचंच नाव पुढे उपायाला मिळालं. इंग्रजी ब्रेकफास्टची गोष्ट त्याच्या सख्ख्या भावासारखी. फास्ट म्हणजे उपास, तो मोडणं. आपल्या भाषेत पारणं. एकादशी केली की द्वादशीला आपण जे करतो, ते इंग्रज रोज सकाळी करतो.

याहून गंमत डिनरची. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं एक क्रियापद आहे. त्याचाही अर्थ उपास सोडणं! म्हणजे इंग्रज सकाळी एकदा उपास सोडतो आणि रात्री, मधे दोनदा खाऊनही, परत सोडतो. (हशा) फ्रेंचांनी त्याच मुळापासून आलेला शब्द दुपारच्या जेवणाला लावला आणि सकाळच्या खाण्याला 'छोटं पारणं' म्हणून मोकळे झाले. सांगायचा मुद्दा असा की यातला कुठलाही शब्द जन्मतः सकाळ, दुपार किंवा रात्र दाखवत नव्हता. तो पोटाची अवस्था दाखवत होता. घड्याळ त्याला नंतर चिकटलं.

ते कसं चिकटलं, तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडात एके काळी डिनर म्हणजे दुपारचं, दिवसातलं मोठं जेवण. अठराव्या शतकात लंडनचे बडे लोक ते चार-पाच वाजेपर्यंत लांबवायला लागले, एकोणिसाव्यात ते सात-आठवर गेलं. कचेऱ्या घरापासून लांब गेल्या, दिव्यांची सोय झाली, आणि उशिरा जेवणं ही प्रतिष्ठा झाली. मग सकाळ आणि रात्र यांच्यामध्ये जे मोठं भगदाड पडलं, ते बुजवायला लंच आलं. कष्टकरी घरांनी मात्र आपलं डिनर दुपारीच ठेवलं. उत्तर इंग्लंडात अजूनही पुष्कळ घरांत दुपारी डिनर आणि संध्याकाळी 'टी' असते, आणि त्या 'टी'मध्ये चहाबरोबर पोटभर जेवण असतं. शाळेत दुपारचं वाढणाऱ्या बाईला तिकडे डिनर लेडी म्हणतात. तेव्हा आपल्या पाठ्यपुस्तकातलं 'लंच दुपारचं, डिनर रात्रीचं' हे खरं म्हणजे एका वर्गाचं वेळापत्रक आहे, भाषेचा नियम नव्हे.

मराठीनं खाण्याची वाटणी वेगळ्या ठिकाणी केली आहे. आपल्याकडे खाणं आणि जेवणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत 'ईट' म्हटलं की दोन्ही त्यात आलं. 'डाइन' आहे, पण ते कोट घालून उच्चारायचं. मराठी माणूस चार वडापाव खाईल आणि घरी येऊन बायकोला म्हणेल, "जेवलो नाही अजून." तो खोटं बोलत नाही. आमच्या किनाऱ्यावर ताटात भात आल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. वर जव्हार-मोखाड्याकडे नागलीची भाकर आली की जेवण. म्हणजे जेवण झालं की नाही ते घड्याळ ठरवत नाही, ताटातला पदार्थ ठरवतो. आणि जे जेवण नाही, त्याला आपण काय म्हणतो? मधल्या वेळचं खाणं. किती नेमका शब्द आहे! इंग्रजीतल्या 'स्नॅक'चं मूळ डचकडे आहे, आणि त्याचा जुना अर्थ कुत्र्यानं झटकन तोडलेला लचका. आमच्या वर्गात हे सांगितल्यापासून दोन मुलींनी स्नॅक्स म्हणणं सोडलं आहे. तसं करायची काही गरज नाही, लचका केव्हाच विसरला गेला.

उपरे शब्द आपण घेतो तेव्हा त्यांना आपलं करून घेतो, याची तक्रार मला नाही. याच किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज होते. तारापूरचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी त्यांच्याकडून घेतला. किल्ला घेतला, पण पाव आणि बटाटा हे त्यांचे दोन शब्द ठेवून घेतले. वडापावातून ते दोन काढा आणि काय उरतं ते बघा. इंग्रजीचंही तसंच. बेकरीतला बटर आपण चहात बुडवून खातो, त्यात लोणी दुर्बीण लावून सापडत नाही. कटलेट म्हणजे मुळात फ्रेंच भाषेत छोटी बरगडी. आपलं व्हेज कटलेट हाडाविना सुखात आहे. पॅटिस हे तर अनेकवचन, आपण एक पॅटिस मागतो. (आणि हो, जाता जाता एक. पाट्यांवर 'उपहारगृह' लिहितात. उपहार म्हणजे भेटवस्तू. खायचं असेल तर उपाहार. पाटी रंगवणाऱ्याला मी एकदा हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, काना आता मावत नाही.")

खरी फजिती शब्द सारखा आणि अर्थ निराळा असला की होते. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं आणि बोईसरच्या आसपास अख्ख्या देशातून माणसं राहायला आली. माझ्या एका मित्राची पत्नी सांगते. शेजारच्या तमिळ वहिनींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "टिफिन झालं का?" हिनं सांगितलं, "हो, घासून पालथा घातलाय." तमिळ घरात टिफिन म्हणजे इडली, डोसा, उपमा, हलकं खाणं. आपल्याकडे टिफिन म्हणजे डबा, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एकट्या पोरांसाठी 'टिफिन लावला' म्हणजे महिन्याची खानावळ. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात या शब्दाचं मूळ इंग्रजी बोलीतल्या अवेळी घोट घेण्याशी जोडलं आहे. इंग्लंडात तो शब्द मेला. इथे त्याची दोन घरं झाली, आणि दोन्ही घरं एकाच जिन्यावर समोरासमोर.

चौरस आहार हाही शब्द असाच. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ साली आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळ चौरस आहार द्यायचा, अशी ती योजना. शब्द गृहविज्ञानाच्या पुस्तकांतून आधीच रुळलेला होता, पण मला त्यावर इंग्रजीतल्या 'स्क्वेअर मील'ची सावली दिसते. आपल्या परंपरेत भोजन षड्रस, सहा रसांचं. तिथून चौरस ऐकलं की वाटतं, दोन रस कुठे गेले? (हशा) हसण्यावारी नेऊ नका. ज्या बाईसाठी योजना आहे, तिला 'भात, डाळ, भाजी, अंडं मिळेल, पोटभर' असं सांगितलं तर ती येते. चौरस ऐकून ती फक्त मान हलवते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे, तिकडे येतो.

माझा एक जुना विद्यार्थी बोईसरला एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतो. पन्नाशी ओलांडलेला. आमच्याकडे पाळ्या साधारण सातच्या, तीनच्या आणि रात्री अकराच्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात, दीडशेहून जास्त कामगार असतील तर विश्रांतीची जागा आणि 'लंच रूम' असावी, असं कलम ४७ मध्ये होतं. त्यामुळे माझा हा विद्यार्थी तिसऱ्या पाळीत रात्री दोन वाजता लंच रूममध्ये बसून आदल्या संध्याकाळी बायकोनं भरून दिलेला डबा खातो. आता मला सांगा, हे त्याचं लंच, डिनर की काय?

त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, शरीरातलं इन्शुलिन वाढवून रक्तातली साखर खाली आणणारी. चिठ्ठीवर लिहिलं, ब्रेकफास्टच्या आधी. डॉक्टरांच्या डोळ्यासमोर ब्रेकफास्ट म्हणजे दोन-तीन पोळ्या, उपमा, असं काही भरीव असणार. याचा दिवस कसा? सकाळी सातला सुटायचं, स्टेशनजवळच्या टपरीवर चहा आणि दोन खारी, घरी येऊन झोप. दुपारी दोनला उठून भात. पण नाश्ता म्हणजे सकाळी पोटात जातं ते, हे तो शाळेत शिकला होता. कुणाकडे, ते विचारू नका. त्यानं टपरीवर बसून गोळी घेतली, चहा-खारी खाल्ली, घरी जाऊन झोपला.

बारा वाजता त्याची बायको उठवायला गेली तर अंग घामानं थबथबलेलं, हाक मारली तर ओ नाही. मुलगा घरात होता म्हणून वेळेवर रिक्षा मिळाली. दवाखान्यात सुईनं ग्लुकोज दिलं, मग डोळे उघडले. साखर फार खाली गेली होती.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. म्हणालो, "अरे, न खाता गोळी घेतलीस?"

"नाही सर, नाश्ता केला ना. चिठ्ठीत होतं तसंच केलं."

आणि ते खरं होतं. बघा, चूक नक्की कुठे आहे, ते मी पुष्कळ शोधलं. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं. औषधवाल्यानं बरोबर वाचलं. यानं बरोबर पाळलं. तिघांच्या तोंडी एकच शब्द होता, आणि तीन ताटं वेगळी होती. विट्‌गेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाचा एक विचार मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, की शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात बघावा. फळ्यावर लिहून दिला, परीक्षेत पाच मार्कांना विचारला. त्याचा असा रोकडा दाखला मला निवृत्तीनंतर एका दवाखान्याच्या खाटेवर मिळाला.

यावर कुणी म्हणेल, चिठ्ठी मराठीत लिहा म्हणजे झालं. मीही आधी तेच म्हणालो असतो. पण मराठीत काय लिहाल? 'नाश्त्याआधी' लिहिलं असतं तरी हेच घडलं असतं. 'न्याहारीआधी' लिहा, तेच. 'सकाळी' लिहा, तर तिसऱ्या पाळीच्या माणसाची सकाळ कुठली? इंग्रजीत 'मील' या शब्दाचा मूळ अर्थ ठरलेली वेळ असा आहे, आणि आपणही 'दोन वेळचं जेवण' म्हणतोच. दोन्ही भाषांनी गृहीत धरलं आहे की जेवणाला वेळ असते. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते, त्याच्याबाबत ते गृहीतच कोसळतं. मग शब्द इंग्रजी की मराठी हा प्रश्न दुय्यम होतो. विचारायला हवं ते एवढंच : कामावरून किती वाजता येता, आल्यावर काय खाता, भात-भाकरी कधी पोटात जाते?

पुढच्या खेपेला मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टर तरुण आहेत, सज्जन आहेत. त्यांनी हेच तीन प्रश्न विचारले, तपासण्या पाहिल्या, गोळीची वेळ बदलून दिली आणि रात्रपाळीच्या आठवड्यासाठी वेगळा कागद केला. त्यावर ब्रेकफास्ट हा शब्द नाही. बॉलपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'भाताचं ताट समोर आल्यावर गोळी. ताट नाही तर गोळी नाही, मला फोन करा.' तो कागद आता त्यांच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर चिकटवलेला आहे.

आणि त्या मनोरच्या मुलीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, पाहुण्यांना पोहे दे, आणि इंग्रजीत सांगायची वेळ आली तर सरळ 'पोहे' म्हण.