डाग खाली, गळती वर

दिवाळी अंकात ट्रकच्या तेलगळतीवर लेख? हो, आणि त्याला कारण आहे. आपल्या दुसऱ्या पिढीतली काही मुलं जुने डिझेल पिकअप ट्रक हौसेनं विकत घेऊ लागली आहेत. कुणी लँडस्केपिंगचा व्यवसाय करतं, कुणी बोटीचा ट्रेलर ओढतं. गणपतीच्या मखराचं सामान स्टोरेजमधून हॉलवर न्यायचं असलं की आपण सगळे त्यांनाच फोन करतो. मग एक दिवस ड्राइव्हवेवर काळा डाग दिसतो. गॅरेजवाला वाकून बघतो, "ऑइल पॅन गेला" म्हणतो आणि हजारो डॉलरचं एस्टिमेट हातात ठेवतो. घरात वाद सुरू. बाबा म्हणतात, "विकून टाक ते धूड." मुलगा म्हणतो, "बाबा, इंजिन एकदम ठणठणीत आहे."

हा लेख त्या दोघांसाठी. सांगायचं आहे ते एवढंच: पॅन काढण्याआधी तेल नक्की कुठून येतंय ते शोधा.

पॅन म्हणजे काय?

इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं म्हणजे ऑइल पॅन. महाराष्ट्रातले मेकॅनिक याला सरळ 'चेंबर' म्हणतात. पंप इथलं तेल वर खेचतो, ते बेअरिंगांमधून फिरतं आणि पुन्हा खाली जमतं.

उदाहरणासाठी एकच इंजिन घेऊ: फोर्डच्या पिकअपमध्ये १९९४ ते २००३ या काळात येणारं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. इंटरनॅशनल कंपनीनं बनवलेलं हे व्ही-८ इंजिन जुन्या ट्रकच्या शौकिनांमध्ये आजही भाव खाऊन आहे. साध्या कारमध्ये पाच क्वार्टच्या आसपास तेल लागतं, याला पंधरा क्वार्ट, म्हणजे सुमारे चौदा लिटर.

या इंजिनात तेलाला आणखी एक काम आहे. त्याचे इंजेक्टर तेलाच्या दाबानं चालतात. एक वेगळा पंप इंजिन ऑइलचा दाब ३,००० पीएसआयच्या घरात नेऊ शकतो आणि त्या जोरावर डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातं. म्हणून तेल फार कमी झालं तर हे इंजिन नीट सुरूच होत नाही. गळती छोटी असली तरी दर आठवड्याला डिपस्टिक बघणं इथे सक्तीचं समजा.

कौल फुटतं एकीकडे, पाणी पडतं दुसरीकडे

ज्यांचं बालपण कोकणातल्या कौलारू घरात गेलं, त्यांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. पावसात स्वयंपाकघरात थेंब पडतो म्हणून तिथलंच कौल बदललं तर गळती थांबेलच असं नाही. पाणी आढ्याजवळच्या फुटक्या कौलातून शिरतं, वाशावरून घरंगळतं आणि सोयीच्या जागी टपकतं.

या इंजिनात अगदी तेच घडतं. व्ही आकाराच्या दोन बाजूंच्या मधे वर एक खोलगट दरी असते. जास्त दाबाचा तेलपंप, त्याच्या नळ्या, टर्बोचा पाया आणि डिझेल फिल्टरचं भांडं, सगळं त्या दरीत किंवा तिच्याभोवती असतं. यातली एखादी रबर रिंग कडक होऊन चिरली की तेल किंवा डिझेल दरीत साचतं, इंजिनाच्या मागच्या बाजूनं खाली उतरतं आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, पॅन गळतोय. पॅन बदलला तरी महिन्याभरात डाग पुन्हा हजर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शोध कसा घ्यायचा?

१. रात्री ट्रकखाली मोठा पुठ्ठा अंथरा. पुढचं चाक कुठे येतं तिथे पेननं खूण करा. सकाळी थेंब इंजिनाच्या पुढच्या भागाखाली पडलेत की मागच्या, ते कळेल.

२. थेंब बोटावर घ्या. काळं आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. डिझेल इंजिनात काजळीमुळे नवं तेलही लवकर काळं पडतं. पातळ आणि उग्र वासाचं असेल तर डिझेल. लालसर असेल तर बहुधा गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं.

३. इंजिन थंड असताना बॅटरी घेऊन वरून दरीत डोकावा. तिथे तळं साचलेलं दिसलं तर पॅनचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

४. दरी कोरडी असेल तर इंजिनाची खालची बाजू डीग्रीझरनं स्वच्छ धुवा, वाळू द्या, थोडं चालवा आणि पुन्हा बघा. जिथे सर्वात वर ओल दिसते, तिथे गळतीचा उगम असण्याची शक्यता सर्वात जास्त. तरीही कळलं नाही, तर तेलात घालायचा यूव्ही रंग ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. तो घालून थोडं चालवल्यावर यूव्ही दिव्याच्या उजेडात गळतीची वाट चमकते.

आणि खरंच पॅनच असेल तर?

तरी लगेच धीर सोडू नका. सोप्यापासून सुरुवात करा. ड्रेन प्लगचा वायसर किंवा रिंग जुनी झाली असेल तर ती काही डॉलरमध्ये बदलते. मात्र गळती थांबवायला प्लग जीव खाऊन आवळू नका, आटे जातील. दुसरी जागा म्हणजे डिपस्टिकची नळी पॅनमध्ये जिथे शिरते तो जोड. या इंजिनात तो वारंवार गळतो, आणि पॅन न काढता बाहेरून बसवायचं दुरुस्तीचं किटही मिळतं.

तिसरं कारण गंज. हिवाळ्यात जिथे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पॅनचा पत्रा हळूहळू खाल्ला जातो. सुईएवढं भोक असेल तर तेल काढून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून वर इपॉक्सी लावता येतं. पण हे ठिगळ आहे. आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो, त्यामुळे काही महिने मिळाले तर ते पुढच्या कामाचे पैसे जमवण्यासाठी वापरा.

पॅन बदलणं महाग का, तेही समजून घ्या. नवा पॅन फार महाग नसतो, पण तो काढायला खाली जागाच नाही. चारशे किलोंहून जड इंजिन बरंच वर उचलावं लागतं. अनेक मेकॅनिक ते पूर्ण बाहेरच काढतात. पैसे जातात ते त्या मजुरीचे. या पॅनला तयार पॅकिंगही नाही, तो सिलिकॉननं चिकटवलेला असतो. दोन्ही कडा तेलाचा अंशही न राहता पुसाव्या लागतात, सिलिकॉनची सलग रेघ द्यावी लागते आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत तेल भरायचं नसतं. सिलिकॉन जास्त झालं तर आतल्या बाजूला आलेले तुकडे तुटून तेल खेचणाऱ्या जाळीत अडकू शकतात. हे काम अनुभवी माणसाकडेच द्या.

ट्रकखाली शिरण्याआधी

हा ट्रक अडीच-तीन टनांचा असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जायचं नाही. सपाट पक्की जमीन, चाकांना अडसर, वजन पेलणारे जॅक स्टँड आणि शेजारी दुसरं माणूस, एवढं हवंच. आईबाबांनो, पाना धरता येत नसला तरी हे दुसरं माणूस तुम्ही होऊ शकता.

काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. एक गॅलन वापरलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी दूषित करू शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. ऑटो पार्टची अनेक दुकानं ते फुकट घेतात. जाण्याआधी फोन करून विचारा.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

तीन प्रश्न पुरेत. "गळती पॅनमधूनच आहे हे कशावरून ठरवलंत?" "वरची दरी बघितलीत का?" "ओली जागा मला दाखवता का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट दिवा हातात देऊन म्हणतो, "या, बघा." उत्तर टाळणाऱ्याकडे ट्रक ठेवू नका.

ट्रक ठेवायचा की विकायचा, हा निर्णय त्यानंतर घ्या. कधी वीस डॉलरच्या रिंगवर काम भागेल. कधी पॅन खरोखर सडलेला निघेल आणि बाबांचंच म्हणणं बरोबर ठरेल. पण मग तो निर्णय दोघांनी डोळ्यांनी बघून घेतलेला असेल.

फराळानंतर पाय मोकळे करायला बाहेर पडाल, तेव्हा मुलाच्या ट्रकची डिपस्टिक एकदा त्याच्याबरोबर बघाच. सर्वांना दिवाळीच्या तेलकट, पण गळतीमुक्त शुभेच्छा!