काळ्या पाण्यावरचा शेतकरी

कैदी वसाहतीची सुरुवात: १० मार्च १८५८. डॉ. जे. पी. वॉकर २०० कैदी घेऊन अंदमानात उतरले. सेल्युलर जेल बरंच नंतरचं. बांधकाम १८९६ ते १९०६.

बिल्ला: गळ्यात लोखंडी कडं, त्याला लाकडी बिल्ला. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०!

तिकीट: १९०० च्या सुमारास नियम असा – साधारण दहा वर्षं नीट वागणाऱ्या जन्मठेपेच्या कैद्याला ‘सेल्फ सपोर्टर’चं तिकीट.

• गावात घर, शेती, गुरं. लग्नाची किंवा बायकामुलांना देशातून बोलावून घेण्याची मुभा.
• सुरुवातीला घर, शिधा, अवजारं सरकारी, सारा माफ. तीन-चार वर्षांनी मदत बंद, सारा सुरू.
• मात्र हा मोकळा माणूस नव्हे. नागरी हक्क नाहीत, वसाहत सोडायची नाही, रिकामं बसायचं नाही. पूर्ण सुटका २०-२५ वर्षांनी, तीही वर्तन पाहून.

पीक: मुख्यतः भात. त्यासाठी आधी जंगल तोडावं लागे.

गल्लत नको: तिकिटवाला शेतकरी वेगळा, कोठडीतला कैदी वेगळा. सावरकर बंधू दुसऱ्या गटातले. १९२१ मध्ये त्यांना परत मुख्य भूमीवर आणलं.

पुढची पिढी: तिथेच जन्मलेली कैद्यांची मुलं म्हणजे ‘लोकल बॉर्न’. घरची भाषा हिंदुस्तानी.

कायद्यात: १ जानेवारी १९५६ पासून दंड संहितेत ‘काळ्या पाण्या’च्या (जन्मभर हद्दपारीच्या) शिक्षेऐवजी जन्मठेप.