विलापगीताचा तिसरा अध्याय : दया रोज सकाळी नवी का लागते

आजचा विषय 'कठीण काळात देवाच्या दयेची आशा' असा जाहीर झाला आहे. या विषयावर गोड गोड बोलून तासभर काढणं फार सोपं आहे. ऐकणाऱ्यांत ज्याच्या घरात गेल्या महिन्यात कोणी गेलंय किंवा ज्याची नोकरी सुटलीय, त्याच्या हाती मात्र त्यातून काही पडत नाही. म्हणून आज एकच अध्याय घेऊ या. विलापगीत, अध्याय तिसरा. ज्यांच्याजवळ पवित्र शास्त्र आहे त्यांनी ते उघडून समोर ठेवा.

यातली दोन वचनं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. देवाची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते, अशा अर्थाची ती बावीस आणि तेवीस क्रमांकाची वचनं. कॅलेंडरवर असतात, लग्नपत्रिकेत असतात. १९२३ साली थॉमस चिझम यांनी याच वचनांवर एक इंग्रजी गीत लिहिलं आणि ते जगभर गायलं जातं. पण ही वचनं ज्या पुस्तकात आहेत ते पुस्तक आपण किती जणांनी सलग वाचलंय? कॅलेंडरवर त्या वचनांमागे सूर्योदयाचं चित्र असतं. मूळ पुस्तकात त्यांच्यामागे जळालेलं शहर आहे.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडलं. वेढा सुमारे दीड वर्ष चालला. आत धान्य संपलं. चौथ्या अध्यायात आयांनी आपल्याच लेकरांना शिजवल्याचा उल्लेख आहे, तो वाचवत नाही. मग तट फुटला, मंदिर जाळलं गेलं, सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं आणि त्यानंतर त्याचे डोळे काढले. लोकांना बेड्या घालून बाबेलला नेलं. लिहिणारा मागे राहिलेला कोणीतरी आहे. परंपरा यिर्मयाचं नाव सांगते, पुस्तक स्वतः कुणाचंच नाव सांगत नाही.

आता रचना बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. (गंमत म्हणणं बरोबर नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) इब्री वर्णमालेत बावीस अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस-बावीस कडवी, आणि प्रत्येक कडव्याची सुरुवात क्रमाने पुढच्या अक्षराने. तिसऱ्या अध्यायात हे तिप्पट होतं : एकेका अक्षराने सुरू होणारी तीन-तीन वचनं, म्हणून एकूण सहासष्ट. पाचव्यात पुन्हा बावीस वचनं आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. जणू रडता रडता माणूस दमला.

शोक करणारा माणूस अक्षरं कशाला मोजेल, असं वाटेल. पण आपल्याकडेही मयताच्या घरी बायका रडतात तेव्हा त्या रडण्याला एक लय असतेच ना? गेलेल्याचा एकेक गुण, एकेक आठवण काढत रडतात. दुःखाला आकार दिला नाही तर ते माणसाला गिळतं. इथे तो आकार वर्णमालेचा आहे : पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं बोलायचं, काही शिल्लक ठेवायचं नाही. देवासमोर हे सगळं बोलायला परवानगी आहे, ही या पुस्तकातली पहिली दया. आपल्या मंडळ्यांमध्ये ती परवानगी कधी कधी मिळत नाही. कोणी रडायला लागलं की लगेच, रडू नका, विश्वास ठेवा! लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेही थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असताना. त्याला कोणी अविश्वासू म्हणणार आहे का?

आता अध्यायात शिरू या. पहिली सतरा वचनं म्हणजे नुसती फिर्याद, आणि फिर्याद देवाविरुद्धच. 'त्याने' मला अंधारात ढकललं, 'त्याने' माझ्या वाटेवर दगडी भिंत घातली, तो अस्वलासारखा दबा धरून बसला, त्याने माझ्या दातांत खडे भरले. सगळीकडे 'तो', 'त्याने'. परमेश्वराचं नाव कुठे नाही. नाव पहिल्यांदा येतं ते अठराव्या वचनात. तिथे तो म्हणतो की माझं बळ गेलं, आणि परमेश्वराकडून असलेली माझी आशाही गेली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या वाक्यात आशा संपल्याचं तो सांगतो, त्याच वाक्यात ते नाव त्याच्या तोंडी येतं. सतरा वचनं ज्याचं नावही घेतलं नाही, त्याचं नाव निराशेच्या टोकाला निघालं. आणि तीनच वचनांनंतर, एकविसाव्यात, तो म्हणतो की म्हणून मला आशा आहे. इब्रीत दोन्ही ठिकाणी एकाच धातूचा शब्द आहे आणि त्या धातूचा अर्थ वाट पाहणे असाही होतो. मराठीत आपण आशेने वाट पाहतो म्हणतो, इब्रीत ते दोन्ही एकाच शब्दात बसतं.

अठरा आणि एकवीस यांच्या मध्ये काय घडलं? सैन्य परत गेलं? धान्य आलं? काहीही नाही. मध्ये फक्त आठवणं आहे. विसावं वचन सांगतं की तो आपलं दुःख आठवतो आणि आतून खचतो. एकविसावं सांगतं की तो आणखी एक गोष्ट मनात परत आणतो. मूळ शब्द तसाच आहे : हृदयाकडे परत आणणे. दुःखाची आठवण आपोआप येते. दयेची आठवण ओढून आणावी लागते. आपला अनुभवही हाच नाही का? रात्री दोन वाजता जाग आली की हॉस्पिटलचं बिल न बोलावता डोळ्यांसमोर येतं. देवाने पूर्वी कसं निभावून नेलं ते मात्र मुद्दाम आठवावं लागतं.

आणि इथे वर्णमाला एक काम करते. बावीस ते चोवीस ही वचनं 'हेथ' या अक्षराची. त्या अक्षराने कवीच्या हाती तीन शब्द दिले : हेसेद, हादाश आणि हेलेक.

हेसेद म्हणजे आपण ज्याला दया म्हणतो ते. पण मराठीत दया म्हटलं की भिकाऱ्याला टाकलेलं नाणं आठवतं, वरून खाली येणारी कीव. हेसेदमध्ये करार आहे, दिलेल्या शब्दाला जागणं आहे. जन्मभराचं नातं जोडल्यावर दुसऱ्याने पाठ फिरवली तरी आपण न सोडणं. शिवाय हा शब्द इथे अनेकवचनात आहे, म्हणजे दयेची कृत्यं, पुन्हा पुन्हा केलेली. त्याच वचनात करुणेसाठी आलेला शब्द गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आईच्या पोटातली कळ, असं म्हणू या.

हादाश म्हणजे नवीन. रोज सकाळी नवी. इथे मला नेहमी रानातला मान्ना आठवतो. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतं मिळे. कोणी साठवून ठेवलं की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी गोळा केलेलं टिके. दयेचंही तसंच आहे. पुढच्या वर्षीच्या संकटासाठी लागणारं बळ आज मिळत नाही, म्हणून आज त्या संकटाचा विचार करून आपण कोलमडतो. आजचं आज मिळतं. कर्करोगाची ट्रीटमेंट घेणाऱ्या माणसाला विचारा, तो सहा महिन्यांचा हिशेब करत नाही. आजचा दिवस गेला, एवढंच बोलतो.

हेलेक म्हणजे वाटा, हिस्सा. वतन म्हटलं तरी चालेल. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा प्रत्येक वंशाला जमीन मिळाली. याजकांना मात्र सांगितलं होतं की तुम्हाला जमिनीत हिस्सा नाही, परमेश्वरच तुमचा हिस्सा. आता विलापगीताचा हा माणूस बघा. त्याची जमीन गेली, सातबारा कोरा झाला म्हणा ना. आणि तो म्हणतो, परमेश्वर माझा वाटा. जमीनदार असताना हे म्हणणं सोपं होतं.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्ख्या शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, त्यात हे पुस्तकही आलं. ज्या बाईने दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, तिने. १८९६-९७ च्या दुष्काळात तीच मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती उभी राहिली. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये. भाषांतराचं काम त्या शेवटपर्यंत करत होत्या. दया म्हणजे दुःख टळणं असा अर्थ घेतला, तर या बाईच्या आयुष्यात दया सापडणारच नाही.

आता एक अवघड प्रश्न. हे पुस्तक स्पष्ट म्हणतं की यरुशलेमवर ही पाळी पापामुळे आली. मग माझ्या घरातलं आजारपण हीही शिक्षाच का? सावकाश जाऊ या. संदेष्ट्यांनी त्या राष्ट्राला वर्षानुवर्षं इशारा दिला होता, त्या राष्ट्राची ही गोष्ट आहे. ती उचलून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला लावायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? योहान नवव्या अध्यायात शिष्य नेमकं हेच करतात. हा आंधळा जन्मला, तर पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, त्यांच्याविषयीही तो म्हणतो की ती इतरांहून अधिक पापी नव्हती.

शिवाय याच अध्यायाचं तेहेतिसावं वचन बघा : देव माणसांना दुःख देतो ते मनापासून नाही. मूळ शब्द शब्दशः 'त्याच्या हृदयातून नाही' असा आहे. मोजून बघा, पाच अध्यायांची मिळून एकशे चोपन्न वचनं होतात, आणि या वचनाशी बरोबर निम्मं पुस्तक संपतं. एवढ्या आक्रोशाच्या ऐन मध्यावर हे वाक्य आहे.

आता आपण कॅलेंडरवाले लोक जे वाचत नाही ते. आशेची वचनं झाली म्हणून विलाप थांबत नाही. चव्वेचाळिसाव्या वचनात तोच माणूस म्हणतो की तू स्वतःला ढगाने झाकून घेतलंस, प्रार्थना पोचतच नाही. काल साक्ष दिली आणि आज पुन्हा रडू आलं, म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही. पुढे सत्तावन्नाव्यात तो सांगतो की मी हाक मारली तेव्हा तू जवळ आलास आणि 'भिऊ नको' म्हणालास. संपूर्ण पुस्तकात देवाच्या तोंडचे म्हणून एवढेच शब्द.

आणि पुस्तकाचा शेवट? शेवटचं वचन विचारतं की तू आम्हाला कायमचं टाकलंस का. उत्तर नाही. यहुदी लोक अव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या उपवासात, हे पुस्तक वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएली त्याला बिरड्याचा रोजा म्हणत, वालाच्या बिरड्यावरून. सभास्थानात शेवटचं वचन वाचून झालं की त्याच्या आधीचं, आम्हाला तुझ्याकडे परत फिरव असं विनवणारं वचन पुन्हा म्हणतात. शेवट बदलत नाहीत, पण तिथे थांबतही नाहीत. नवं मंदिर उभं राहायला पुढे सुमारे सत्तर वर्षं लागली. हे लिहिणाऱ्याने ते बहुधा पाहिलं नसेल.

आपण ख्रिस्ती लोक हे पुस्तक वधस्तंभाच्या पलीकडून वाचतो. बऱ्याच जुन्या मंडळ्यांत पवित्र आठवड्यात त्याचं वाचन होतं, आणि ते योग्यच आहे. वधस्तंभावर येशूनेही 'का' असं विचारलं, आणि तिथे त्याला आवाज ऐकू आला नाही. उत्तर आलं ते तिसऱ्या दिवशी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहाटे. तेही आधी कळलं कुणाला? कबरेपाशी रडायला आणि सुगंधी द्रव्यं लावायला गेलेल्या बायांना.

या आठवड्यात एक करा. तिसरा अध्याय मोठ्याने वाचा, पहिल्यापासून सहासष्टाव्या वचनापर्यंत, तेविसाव्याशी न थांबता. घरात कोणी शोकात असेल तर त्याच्याजवळ बसून वाचा, मध्ये समजावून सांगू नका. प्रश्न असतील ते लिहून पाठवा, पुढच्या वेळी स्तोत्र अठ्ठ्याऐंशी सुरू करण्याआधी घेऊ.