परवानगी असूनही छायाचित्र जतन का होत नाही?

पनवेल : लग्नसराईच्या दिवसांत शहरातील छायाचित्रकारांच्या स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. एका संगणकावर छायाचित्रांची निवड, दुसऱ्यावर रंगांची दुरुस्ती, तिसऱ्यावर अल्बमची मांडणी चाललेली असते आणि सारी छायाचित्रे एका सामाईक सर्व्हरवर ठेवलेली असतात. नेमक्या घाईच्या वेळी पडद्यावर संदेश झळकतो, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. फोल्डर उघडते, छायाचित्र दिसते; मात्र दुरुस्त केलेली प्रत जतन होत नाही. फिल्मच्या काळात निगेटिव्ह तरी कपाटात सुरक्षित असे. आता कॅमेऱ्याचे कार्ड दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी रिकामे केलेले असते. त्यामुळे सर्व्हरवरील ही अडचण क्षुल्लक मानून चालत नाही.

असा संदेश दिसताच प्रोग्राम बंद करू नये. ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरून छायाचित्र प्रथम आपल्या संगणकाच्या डिस्कवर जतन करावे आणि मगच कारणाचा शोध घ्यावा.

जतन करणे म्हणजे चार कामे

जतन करणे ही आपल्याला एकच कृती वाटते. प्रत्यक्षात अनेक प्रोग्राम आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करतात, तीत नवे चित्र लिहितात, जुनी फाइल काढून टाकतात आणि तात्पुरत्या फाइलला जुने नाव देतात. म्हणजे फाइल निर्माण करणे, लिहिणे, पुसणे आणि नाव बदलणे अशी चार कामे होतात. लिहिण्याची परवानगी आहे, पण पुसण्याची नाही, अशा स्थितीत काम मध्येच अडते. फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या, ‘टीएमपी’ने संपणाऱ्या फाइली साचू लागल्या, तर ती याचीच खूण असू शकते. विंडोजमध्ये अशा वेळी ‘राइट’ नव्हे, तर ‘मॉडिफाय’ हा अधिकार लागतो.

याची चाचणी सोपी आहे. त्याच फोल्डरमध्ये नोटपॅडची एक फाइल तयार करावी, तीत बदल करून जतन करावी, तिचे नाव बदलावे आणि शेवटी ती पुसावी. ज्या पायरीवर अडेल, तो अधिकार कमी आहे असे समजावे. स्वतःच्या फाइलवर चारही कामे होतात, पण सहकाऱ्याच्या फाइलवर होत नाहीत, असे आढळल्यास दोष त्या फाइलच्या मालकीत किंवा तिच्या स्वतंत्र परवानगीत असतो.

दोन दारे, दोन कुलुपे

विंडोज सर्व्हरवरील फोल्डरला दोन दारे असतात. पहिले ‘शेअरिंग’चे आणि दुसरे ‘सिक्युरिटी’चे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारे ओलांडावी लागतात आणि दोहोंपैकी जे अधिक कडक असेल, तेच लागू होते. ‘सिक्युरिटी’त पूर्ण अधिकार दिले, पण ‘शेअरिंग’मध्ये ‘एव्हरीवन’ला केवळ ‘रीड’ असेल, तर छायाचित्र पाहता येते, जतन करता येत नाही. प्रत्यक्ष सर्व्हरवर बसून पाहिले, तर मात्र सारे सुरळीत दिसते. कारण तेथे पहिले दार लागतच नाही.

दुसरा गोंधळ फाइल हलवण्याचा. एखादी फाइल कॉपी केली, की ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच डिस्कवर ‘मूव्ह’ केली, तर ती बहुधा जुन्या परवानग्या सोबत आणते. म्हणूनच एका फोल्डरमधील शंभर छायाचित्रांपैकी दहाच अडून बसतात.

लिनक्स आणि नॅस

अनेक छोट्या कार्यालयांत सर्व्हरऐवजी ‘नॅस’ हा जोडडब्बा असतो आणि त्याच्या आत बहुधा लिनक्स असते. तेथे प्रत्येक फाइलसाठी मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग मानतात. ६४४ या आकड्याचा अर्थ मालकाने लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. ६६४ असेल, तर गटातील सहकाऱ्यांनाही लिहिता येते. विंडोज संगणकांना लिनक्सशी जोडणाऱ्या ‘सांबा’ प्रणालीत नव्या फाइलची मूळ मर्यादा ०७४४ असते. परिणामी एकाने ठेवलेले छायाचित्र दुसऱ्याला बदलता येत नाही. यावर उपाय म्हणजे ‘क्रिएट मास्क’ ०६६४ व ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ करणे आणि आधीच्या फोल्डरनाही तेच आकडे देणे. त्यातील पहिल्या २ मुळे नवी फाइल आपोआप फोल्डरच्याच गटात जाते.

ओळखीचा घोळ

सर्व्हर आपल्याला कोणत्या नावाने ओळखतो, हेही पाहावे. विंडोजने जुने नाव व पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जपून ठेवलेला असू शकतो. नव्या गटात समावेश झाल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करणे आवश्यक असते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘प्रो’ वापरणाऱ्यांना पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेश घेणे मूळ मांडणीत बंद झाले. कालपर्यंत चालणारा जुना नॅस संगणक अद्ययावत होताच बंद पडला, तर हे कारण तपासावे आणि प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे.

दोष परवानगीचा नसतो तेव्हा

चित्र दुसऱ्या संगणकावर उघडे असणे, डिस्क भरणे किंवा नावात चालत नाही असे चिन्ह असणे, यांनीही जतन अडते. तारीख लिहिताना वापरलेली तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. मराठी नावांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्समध्ये नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसह, तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते. फोटोशॉपची निर्माती अडोबीदेखील नेटवर्कवर थेट जतन करण्याऐवजी आपल्या डिस्कवर काम करून नंतर प्रत सर्व्हरवर नेण्याचा सल्ला देते.

सर्वांना सारे खुले नको

या साऱ्याला कंटाळून ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ किंवा ७७७ करून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. ज्या खात्याला लिहिण्याचा अधिकार असतो, त्या खात्यातून शिरलेल्या खंडणीखोर व्हायरसलाही तोच अधिकार मिळतो. पनवेलकरांना हा धडा दूरचा नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्याने शेजारच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत केले होते. तो व्हायरस संगणकाच्या स्मृतीतील पासवर्ड चोरून, मोठे अधिकार असलेल्या खात्यांच्या आधारे एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत असे.

काम करणाऱ्यांचा एक गट करावा, त्याला चालू कामाच्या फोल्डरपुरता ‘मॉडिफाय’ अधिकार द्यावा. कॅमेऱ्यातून उतरवलेली मूळ छायाचित्रे मात्र सर्वांसाठी केवळ वाचनीय ठेवावीत आणि त्यांची एक प्रत नेटवर्कपासून वेगळ्या डिस्कवर असावी. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून टाकण्यापेक्षा योग्य किल्ली शोधणे केव्हाही शहाणपणाचे. कारण त्या दाराआड कुणाच्या तरी लग्नाची एकमेव आठवण असते.