शेपटीचा भाव

एका शेपटीला 6 डॉलर. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात न्यूट्रिया नावाचा प्राणी मारून शेपूट आणणाऱ्याला मिळणारा हा सरकारी दर. शेपूट 7 इंचांहून आखूड असेल तर काहीच नाही. 2002 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा दर 4 डॉलर होता.

आता जुना भाव पाहा. 1976-77 च्या हंगामात याच राज्यात सुमारे 18 लाख न्यूट्रिया पकडले गेले आणि कातड्यांचे 1 कोटी 57 लाख डॉलर आले. नगाला जवळजवळ पावणेनऊ डॉलर, आणि तेही त्या काळातले!

मूळचा दक्षिण अमेरिकेचा, 5 ते 9 किलो वजनाचा, नारिंगी दातांचा हा प्राणी. आपल्या घुशीचा थोरला पाणथळ अवतारच म्हणा. 1930 च्या दशकात फरसाठी त्याला लुइझियानात पाळले. काही पळाले, काही सोडले. पिकांची नासाडी वाढली म्हणून 1958 मध्ये तो संरक्षित यादीतून बाहेर गेला आणि फरला भाव येताच 1965 मध्ये परत आत आला. 1980 च्या दशकात फरचा बाजार बसला, तसे सापळे अडगळीत गेले. मादी तर विल्यावर दोन दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते. 1990 च्या दशकाअखेर सुमारे एक लाख एकर दलदलीची हानी झाली होती. हा प्राणी गवताचा बुडखा आणि मुळेही खातो. मुळांनी धरलेला गाळ सुटला की जमीन वाहून जाते आणि मागे नुसते पाणी उरते.

म्हणूनच शेपटीमागे पैसे देण्याची योजना आली. तिचे वर्षाला 4 लाख शेपट्यांचे उद्दिष्ट बहुतेक हंगामांत हुकते. तरी 2010 च्या दशकात हानी 20,000 एकरांच्या आत आली, हे मान्य करायला हवे. मांस खपवायचाही राज्याने प्रयत्न केला, पण उंदराचा भाऊबंद ताटात कोण घेणार?

इंग्लंडच्या पूर्व भागातही हाच प्राणी फरसाठी आणला होता. तिथे त्याला कोयपू म्हणतात. 1981 मध्ये तिथे 24 पगारी सापळेवाले नेमले. शेपटीमागे पैसे नाहीत; प्राणी पुरता संपला तर मात्र तीन वर्षांच्या पगाराइतका बोनस, आणि ठरल्या मुदतीनंतर त्यातून कपात. 1989 मध्ये मोहीम फत्ते झाल्याचे जाहीर झाले. शेपटीमागे पैसे मिळणाऱ्याला पुढच्या हंगामासाठीही प्राणी हवे असतात; या 24 जणांना शेवटचा कोयपू हवा होता. अर्थात त्यांचा मुलूख आटोपशीर होता आणि कडक हिवाळाही मदतीला येई. लुइझियानाने मात्र प्राणी संपवण्याचे उद्दिष्ट ठेवलेलेच नाही. तिथला हंगाम दर नोव्हेंबरात पुन्हा सुरू होतो.