सव्वीस बटणं आणि सात तालुके

नोकियाचा ई-७५ चांगला की एन-९७? स्लायडर फोनच्या शौकिनांमध्ये हे भांडण कधी मिटत नाही. मी पहिल्यापासून ई-७५ च्या बाजूचा. एन-९७ ची घोषणा डिसेंबर २००८ मधली, ई-७५ आला फेब्रुवारी २००९ मध्ये. एन-९७ चा पडदा साडेतीन इंची आणि उघडताना ऐटीत तिरका उभा राहणारा. पण कीबोर्डला ओळी तीनच, आणि स्पेस बार मधोमध सोडून उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेला. दोन्ही अंगठ्यांनी टाइप करणाऱ्याचा डावा अंगठा त्यामुळे निम्मा बेकार होतो. ई-७५ ला समोर साधं नंबरांचं कीपॅड आणि आडवा सरकवला की पूर्ण कीबोर्ड. एका हाताने 'हो, येतो' एवढंच कळवायचं असेल तर फोन उघडायचीही गरज नाही. ही सोय ज्याने योजली त्याला माणसं फोन कसा वापरतात हे ठाऊक होतं.

काटेकोर पाहिलं तर हे दोघेही सिम्बियनवाले, म्हणजे स्मार्टफोन. साध्या फोनांच्या जातीत पूर्ण कीबोर्डचे स्लायडर म्हणजे एलजीचा केएस-३६०, सॅमसंगचा कॉर्बी प्रो आणि अमेरिकेत गाजलेला एलजीचा रूमर. पाम प्री आणि ब्लॅकबेरी टॉर्चसारखे उभे सरकणारे फोन मला पटले नाहीत. कीबोर्ड बाहेर आला की वजन वर जातं आणि टाइप करताना फोन मागे कलतो. आडव्या फोनला हा दोष नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर मात्र सगळ्या स्लायडरांचं दुखणं एकच. पडदा आणि खालचा भाग यांना जोडणारी कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल, दुरुस्तीवाले तिला स्ट्रिप म्हणतात, घडी घालून आत बसवलेली असते. फोन उघडला की घडीची जागा पुढे सरकते, मिटला की मागे. हजारो वेळा असं झाल्यावर तांब्याची एखादी बारीक रेघ तुटते. मग फोन मिटलेला असताना पडदा चालतो आणि उघडला की पांढरा होतो. भंडाऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने मला असा फोन खोलून दाखवला होता. दोन्ही रूळ शाबूत, स्प्रिंग शाबूत, बटणांखालचे डोम अजून टकटक वाजणारे. तुटली होती फक्त ती रेघ, भिंगाखाली केसाएवढी दिसणारी.

एवढी नाजूक वस्तू लोक का घेत होते, याचं उत्तर बटणांच्या हिशोबात आहे. 'साकोली' हे नाव रोमन अक्षरांत बारा बटणांच्या फोनवर लिहून पाहा. एससाठी सातचं बटण चारदा, एसाठी दोनचं एकदा, केसाठी पाचचं दोनदा, ओसाठी सहाचं तीनदा, एलसाठी पाचचं तीनदा, आयसाठी चारचं तीनदा. सहा अक्षरांना सोळा दाब. स्लायडरवर सहाच. शब्द ओळखणाऱ्या टी-९ मध्येही सहाच दाब लागतात, पण त्याचा शब्दकोश इंग्रजी; त्याला साकोली शिकवावी लागे. त्यामुळे ज्यांची मराठी रोमन अक्षरांतून धावत होती, त्यांना पूर्ण कीबोर्डने खरंच मोकळं केलं.

पण मराठी मराठीतच लिहायची म्हटलं तर? हे कीबोर्ड 'पूर्ण' कोणासाठी होते, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. त्याचं उत्तर शोधायला मी आमच्याच भंडारा जिल्ह्याचे सात तालुके घेतले: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. फोनच्या कीबोर्डवर इंग्रजीची सव्वीस अक्षरं असतात. संगणकावर त्यांच्या उजवीकडे कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरपी रेघ अशी जी बटणं असतात, ती फोनच्या दहा-अकरा रकान्यांत मावत नाहीत. ती चिन्हं दुसऱ्या बटणांच्या डोक्यावर, फंक्शन की दाबून मिळतात. तेव्हा परीक्षा अशी: फक्त सव्वीस अक्षरबटणं आणि शिफ्ट एवढ्यावर कोणता तालुका लिहिता येतो?

आधी इन्स्क्रिप्ट. भारतीय भाषांसाठी १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही मांडणी. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर झालेलं काम आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकचा जिस्ट गट, या दोन्ही ठिकाणी मोहन तांबे यांचं नाव येतं. आज आपण भारतीय भाषांत सहज टाइप करतो त्यामागे ज्यांची मेहनत आहे त्यांत तांबे अग्रभागी आहेत, आणि मराठी वाचकांना त्यांचं नाव माहीत नसावं ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. मांडणी विलक्षण शहाणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या दाबाने, त्याचा महाप्राण त्याच बटणावर शिफ्टने. केवर क, शिफ्ट दाबली की ख. हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांना क त्याच जागी.

साकोली: एम, ई, के, ए, एन, आर. सहा बटणं, एकदाही शिफ्ट नाही. तुमसर आणि पवनी तसेच सरळ. लाखनी आणि लाखांदूर यांना ख साठी एकेकदा शिफ्ट, बाकी बिनबोभाट. मग भंडारा: भ वायवर शिफ्टने, अनुस्वार एक्सवर, आणि पुढे अडतं. इन्स्क्रिप्टमध्ये ड चं घर पीच्या शेजारी, चौकटी कंसाच्या बटणावर आहे, आणि ते बटण फोनवर नाही. मोहाडीही तिथेच अडकते. च, ट, य यांचीही तीच गत, कारण त्यांची घरंसुद्धा त्याच उजव्या कडेला. जिल्ह्याचं नावच लिहिता येत नाही असा 'पूर्ण' कीबोर्ड!

यात तांब्यांचा किंवा इन्स्क्रिप्टचा दोष नाही. मांडणी टेबलावरच्या कीबोर्डसाठी झाली होती. दोष फोन बनवणाऱ्यांचा. त्यांनी उजवीकडचा रकाना कापला तो इंग्रजीकडे बघून.

आता दुसरी मांडणी, रेमिंग्टन. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पिढ्यांची बोटं हीच जाणतात. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट हे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र लिपिकाच्या नोकरीला लागतं, आणि त्यासाठी किती घरांनी फी भरली असेल! ही मांडणी ध्वनीचा विचार करत नाही, आकार जोडत जाते. ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन नंतर. भ म्हणजे आधी अर्धा भ, मग काना. कृतिदेव फॉन्ट ज्या मांडणीवर चालतो तीवर भंडारा लिहायचा तर एच, के, ए, एम, के, जे, के. सात दाब, त्यांत एच आणि एम शिफ्टने. सगळी अक्षरबटणं! मोहाडीही निघते. साकोली, तुमसर, पवनी निघतात. मी खूश झालो आणि लाखनीपाशी थांबलो. रेमिंग्टनमध्ये अर्धा ख असतो त्याच चौकटी कंसाच्या बटणावर. म्हणजे लाखनी आणि लाखांदूर गेले.

एका मांडणीत भंडारा आणि मोहाडी बाहेर, दुसरीत लाखनी आणि लाखांदूर. दोन्हींत तरतात ते साकोली, तुमसर आणि पवनी. आणि एकच जास्तीचं बटण दिलं असतं तर दोन्ही मांडण्यांत सातही तालुके बसले असते.

उलट बारा बटणांचा साधा फोन कुणालाच बाहेर ठेवत नव्हता. वर्गाप्रमाणे अक्षरं वाटलेल्या कीपॅडवर ड म्हणजे ट-वर्गाच्या बटणाचे तीन दाब, भ म्हणजे प-वर्गाच्या बटणाचे चार. संथ, पण पक्कं. २००३ चा नोकिया ११००, ज्याला धुळीपासून वाचवणारं रबरी कीपॅड आणि टॉर्च होता, हातात घेऊन धानाच्या बांधीवर जाणाऱ्या माणसाने महागडा स्लायडर घेतला नाही म्हणून तो मागास ठरत नाही. लिपीच्या बाबतीत बारा बटणांची जात अधिक उदार होती, असं माझं ठाम मत झालं आहे.

एक गोष्ट या तपासात अनपेक्षित हाती लागली. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत, जिचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला, ण चा न होतो, ळ चा र, श चा स. पाणी म्हणजे पानी, काळा म्हणजे कारा, शेत म्हणजे सेत. इन्स्क्रिप्टमध्ये ण, ळ आणि श ही तिन्ही अक्षरं शिफ्टखाली आहेत, तर न, र आणि स साध्या दाबावर. शाळेत ज्या उच्चारांबद्दल मुलांना हसलं जातं, ते उच्चार या कीबोर्डवर प्रमाण मराठीपेक्षा कमी दाबांत लिहून होतात.

बटणांनंतरची अडचण एसएमएसची. एका संदेशाला १४० बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी युनिकोडमध्ये जाते, तिथे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणून ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. क्ष एकटा तीन जागा खातो. 'आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' ही ओळ ५२ जागा घेते. त्यापुढे जागा सोडून 'परिवार, लाखांदूर' लिहिलं की ६९. आडनावाला एक जागा उरते! आडनाव घातलं की संदेशाचे दोन तुकडे, आणि पैसेही दोन संदेशांचे. दिवाळीला तर कंपन्यांचे 'ब्लॅकआउट डे' असत, एसएमएस पॅकची सवलत त्या दिवशी बंद. मराठीत शुभेच्छा देणाऱ्याला दुहेरी भुर्दंड.

यावर उपाय निघाला होता, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्री-जीपीपी संस्थेच्या २३.०३८ या दस्तऐवजात आठव्या आवृत्तीपासून भाषावार तक्ते आले. तुर्की, स्पॅनिश, पोर्तुगीज, आणि मग बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, उडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू, उर्दू. मराठीचं नाव नाही. पण हिंदीचा तक्ता उघडला तर त्यात ल च्या लगेच पुढे ळ बसलेला आहे. तेव्हा मराठीचं काम त्यावर पूर्ण भागतं. हा तक्ता लावला की देवनागरीचं अक्षरही सात बिटांत मावतं आणि एका संदेशात ७० ऐवजी १५५ चिन्हं जातात. लाखांदूरच्या घराचं आडनाव, घरातल्या चौघांची नावं आणि वर 'फराळाला या' एवढं सगळं एकाच संदेशाच्या पैशांत गेलं असतं. अट एकच: पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही फोनांना तो तक्ता ठाऊक हवा. म्हणजे फोन कंपन्यांनी तो प्रत्येक फोनमध्ये घालायला हवा होता, आणि सरकारने तसा आग्रह धरायला हवा होता.

सरकारचा आग्रह आला तो भारतीय मानक १६३३३, भाग ३ मधून, २०१६ साली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भारतीय भाषांतले संदेश वाचता आले पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं त्यात ठरलं. तोवर लोक व्हॉट्सअ‍ॅपवर गेले होते, आणि काचेवर उमटणाऱ्या कीबोर्डला ड साठी जागा काढायला नवा साचा लागत नव्हता.