एसटीचं स्मार्ट कार्ड: पाकीट नको, वही हवी

अर्धा तास कानात हेडफोन घालून बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून गेले, इथे ते सावकाश बघता येतील.

विषय आहे बसचं कार्ड. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढलो. औष्णिक केंद्राची धुरांडी दिसली की भुसावळहून येणारी एसटी पोचत आली हे कळायचं, आणि तोवर कंडक्टरचं 'सुट्टे दे ना भो' तीन वेळा ऐकून झालेलं असायचं. त्यामुळे इंजिनिअर झाल्यावर मलाही वाटायचं की कार्ड आलं, सुट्ट्यांची कटकट गेली, संपला प्रश्न. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा एका काकांनी माझं हे मत बदलून टाकलं.

काका भुसावळला राहतात आणि दीपनगरला कंत्राटी कामाला येतात. पगार आठवड्याला. रोज जाताना तिकीट, येताना तिकीट. मी शहाणपणाने विचारलं, "काका, पास का नाही काढत? स्वस्त पडतो." ते म्हणाले, "माहितीये रे. पण एवढे पैसे एकदम कुठून काढू, तूच सांग."

आता हिशेब बघा. एसटीच्या मासिक पासाचा नियम असा, की २० दिवसांचं भाडं भरा आणि ३० दिवस प्रवास करा. तीन महिन्यांचा काढला तर ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. योजना चांगलीच आहे. सोपं जावं म्हणून एका बाजूचं भाडं २० रुपये धरू. रोजचे झाले ४०. पासवाला महिन्याच्या सुरुवातीला ८०० रुपये भरतो आणि मोकळा होतो. काका २६ दिवस रोख तिकीट काढतात, म्हणजे १,०४० रुपये. तीच बस, तोच रस्ता आणि २४० रुपये जास्त. कारण एवढंच, की एक तारखेला त्यांच्या खिशात ८०० रुपये सुटे नसतात. ज्याच्याकडे कमी, त्यालाच प्रवास महाग. मला वाटतं, तिकीट यंत्रणा सुधारायची तर सुरुवात इथून व्हायला हवी.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. लंडनमध्ये ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आलं आणि २००५ मध्ये त्यावर दिवसाची कमाल मर्यादा लागू झाली. दिवसभरात कितीही वेळा चढा-उतरा, एका ठरावीक रकमेनंतर पैसे कापले जात नाहीत. २०१४ मध्ये साध्या बँक कार्डावर सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही आली. पास आधी विकत घ्यायचा नाही, तुमच्या प्रवासातून तो आपोआप तयार होतो.

हेच काकांना लावा. रोज ४० रुपये कापले जातील. विसाव्या दिवशी ८०० पूर्ण झाले की कार्ड म्हणेल, बास, तिसाव्या दिवसापर्यंत फुकट. ही नवी सवलत नाही हं. जी सवलत पासवाल्याला आजही मिळते, तीच हप्त्याने. महामंडळाचं नुकसान होईल का? थोडं होईल, कारण आज जादा भरणारे काका कमी भरतील. पण एकविसाव्या दिवसापासून काका शेअर रिक्षाला हात करणार नाहीत, एसटीचीच वाट बघतील. हा नेमाने येणारा प्रवासी महामंडळालाही हवाच असतो.

मग कोणी म्हणेल, आता कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं की, वेगळं कार्ड कशाला? फरक इथेच आहे. क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात आणि व्यवहार तिथेच संपतो. काल तुम्ही याच बसने आला होतात, हे त्या तिकिटाला माहीत नसतं. यूपीआय म्हणजे पाकीट. आपल्याला हवी आहे वही, किराणा दुकानात उधारीची असते तशी, जिच्यात मागचा हिशेब लिहिलेला असतो.

ही वही ठेवायची कुठे? सर्व्हरवर ठेवली तर प्रत्येक तिकिटाला नेटवर्क लागणार, आणि आपल्याकडे गाव सोडलं की मोबाईलचे दांडे कसे उडतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून वही कार्डाच्या चिपमध्येच हवी. हे कल्पनेतलं नाही. ४ मार्च २०१९ ला अहमदाबादमध्ये सुरू झालेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड याच तत्त्वावर चालतं. त्यात २,००० रुपयांपर्यंतची रक्कम चिपमध्येच राहते, नेटवर्क नसलं तरी कापली जाते. शिवाय त्या चिपमध्ये वाहतूक संस्थेला पास वगैरे लिहून ठेवायला वेगळी जागा दिलेली आहे. काकांच्या दिवसांची मोजणी त्या जागेत सहज मावेल. संध्याकाळी मशीन डेपोत जमा झाली की दिवसभराची नोंद सर्व्हरवर चढवायची. कार्ड हरवलं तरी वही पुन्हा उभी करता येईल.

इथे एक गंमत सांगतो. हे सगळं मी घरी एक रीडर आणून करून बघितलं. माझ्या प्रोग्राममध्ये आधी पैसे कापले जायचे, मग दिवस मोजला जायचा. मुद्दाम कार्ड मध्येच उचललं, तर पैसे गेले आणि दिवस काही वाढला नाही. माझीच चूक. गर्दीच्या बसमध्ये कार्ड असं मध्येच उचललं जाणारच. म्हणून चांगल्या चिपमध्ये सोय असते: दोन्ही नोंदी एकत्र पक्क्या होतात, नाहीतर दोन्ही रद्द. प्रवाशाचा विश्वास अशा छोट्या गोष्टीवर टिकतो. एकदा जरी पैसे हवेत गेले, तरी तो पुन्हा नोटाच काढणार.

वहीचा दुसरा फायदा बस बदलणाऱ्यांना. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात. दीपनगरहून भुसावळ ८ किलोमीटर धरा, तिथून जळगाव २५. दोन वेगळी तिकिटं काढली तर २ टप्पे अधिक ५ टप्पे, म्हणजे ७. सलग ३३ किलोमीटरला टप्पे होतात ६. प्रत्यक्षात टप्पे मार्गावर आधीच ठरलेले असतात, पण हिशेब याच जातीचा. बस बदलली म्हणून एक टप्पा जास्त. थेट बस नाही हा काही प्रवाशाचा दोष नव्हे. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी हाच माणूस दीपनगरला चढला होता हे कार्डाला आठवलं, तर मशीन पुढचे चारच टप्पे लावेल.

आणि यासाठी बसला लंडनसारखी दारं किंवा मेट्रोसारखी फाटकं नकोत. कार्ड यंत्रणेतला अवघड प्रश्न असतो, प्रवासी उतरला कुठे? आपल्याकडे तो कंडक्टर चढल्याबरोबर विचारून घेतो: "कुठलं?" अख्खा सेन्सर एका शब्दात.

एसटीला कार्ड नवीन नाही. २०१९ मध्ये सवलतधारकांसाठी आधारशी जोडलेलं स्मार्ट कार्ड आलं होतं. पुढे ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं सुरू झालं. पण तिथे प्रश्न 'तुम्ही कोण' एवढाच होता. 'तुम्ही या महिन्यात किती भरलंय' हा प्रश्न कार्डाला विचारायचा बाकी आहे.

तर मंडळी, एक काम करा. या महिन्याची तिकिटं फेकू नका, डब्यात टाका. तीस तारखेला बेरीज करा आणि पासाच्या रकमेशी ताडून बघा. काकांनी मागच्या महिन्यात केली. मला फोनवर म्हणाले, "माहीत होतं रे, पण बेरीज पाहिली अन् जास्त लागलं."

तुमची बेरीज कळवा. भेटू पुढच्या भागात.